मिसळीचा छत्तीसचा आकडा

बँकेत ३१ वर्षं कॅश सांभाळली. तिजोरीची एक चावी माझ्याकडे, दुसरी साहेबांकडे; दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. अशा माणसाने निवृत्तीनंतर गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून ब्लॉग काढायचं ठरवलं, तर कुणाचं काय बिघडणार होतं?

पुण्याची भाची फोनवर म्हणाली, "मामा, सोप्पंय. डोमेन घ्या, होस्टिंग घ्या, ब्लॉग चालवायला वर्डप्रेस टाका." अगदी 'कांदा चिरा, फोडणी द्या' याच चालीवर. पहिल्या दोन्हींत फरक काय, असं विचारल्यावर म्हणाली, "डोमेन म्हणजे घराची पाटी, होस्टिंग म्हणजे प्लॉट." नुसती पाटी आहे आणि प्लॉटचा पत्ता नाही, अशी प्रकरणं कर्जाच्या फायलींत भरपूर पाहिलेली, त्यामुळे हे लगेच समजलं. पण सुचेल ते नाव कुणीतरी आधीच अडवून ठेवलेलं. शेवटी जे मिळालं त्याचं स्पेलिंग मला अजून चिठ्ठी बघून सांगावं लागतं. शिवाय ही पाटी कायमची विकत मिळतच नाही, वर्षाच्या बोलीवर मिळते. पहिल्या वर्षी दर जावयाचा, दुसऱ्या वर्षापासून भाडेकरूचा.

पैसे भरले, साइट दिसेना.

"४८ तासांपर्यंत लागू शकतात, मामा. नवा पत्ता जगभरच्या सर्व्हरना कळायला नको का?"

'दोन दिवसांनी या' हे वाक्य मी जन्मभर काउंटरच्या आतून बोलत आलो. बाहेरून ऐकायला ते कसं लागतं, हे साठी उलटल्यावर कळलं.

तिसऱ्या दिवशी साइट उघडली. पत्त्याशेजारी शेरा: 'नॉट सिक्युअर'. ज्याच्या कॅशमध्ये कधी रुपयाचा फरक आला नाही, त्याला! एसएसएल नावाचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, एक बटण तेवढं दाबायचं, असं भाचीने सांगितलं. ते बटण सापडायला एक अख्खी संध्याकाळ आणि दोन कप चहा लागला. थीम, म्हणजे साइटचं रंगरूप, निवडण्यात गेलेल्या आठवड्याबद्दल मी बोलणार नाही.

मग एकदाचा लेख लिहिला. रविवारची मिसळ: मटकी, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, शेवटी जिलबी. शीर्षक साधं, 'मिसळ'. लिंक कॉपी करून सोसायटीच्या ग्रुपवर चिकटवली, तर मिसळ गायब! तिच्या जागी टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ई... व्याजाचे इतके टक्के मी एका ओळीत कधी पाहिले नव्हते.

"मामा, ते यूटीएफ-८ आहे, कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची पद्धत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, आणि एकेक बाइट लिहायला टक्क्यासकट तीन अक्षरं."

म्हणजे एका चिन्हाला नऊ. म, वेलांटी, स, ळ अशी चार चिन्हं. वेलांटीसुद्धा आपले वेगळे नऊ घेते. कॅशियरच्या सवयीने दोनदा मोजलं. बरोबर ३६. मिसळीचा आणि माझा छत्तीसचा आकडा यंत्रानेच काढून दिला.

इकडे ग्रुपवर सेक्रेटरींनी लाल अक्षरांत सूचना टाकली होती: 'कृपया वरील लिंक कोणीही उघडू नये. काकांचा फोन हॅक झाला आहे.' खाली जुनी नोटीस परत जोडलेली: अनोळखी लिंक दाबू नका, खातं रिकामं होतं. ती नोटीस गेल्या दिवाळीत मीच लिहून दिली होती. भाषा चांगली उतरली होती, हे मान्य करायला हवं. तळमजल्यावरचे आजोबा काळजीने वर आले आणि विचारून गेले, "पेन्शन शाबूत आहे ना?"

रात्री आकडेवारीचं पान उघडलं. २३ भेटी! एवढी ताकीद देऊनही २३! छाती फुगली. मग दिवसभरात मोबाइलवर आपण स्वतः किती वेळा बघितलं, याचा हिशेब मांडला. १९ वेळा. उरलेल्या चारांतली एक भाची. दोन कोण, देव जाणे.

चौथी आतल्या खोलीतून बोलली, "अहो, जिलबीपर्यंत सगळं लिहिलंत. पाकीट घरी विसरला होतात आणि बिल मी दिलं, ते कुठाय?"