परदेशातून : पारोसं कोण?

गेल्या रविवारी आईचा फोन आला तो तक्रार घेऊनच. "तुझ्या भावानं पोराची आंघोळ बंद केलीय. डॉक्टरनं सांगितलंय म्हणं. तूच समजाव त्याला."

आंघोळ बंद झालेली नव्हती. भाचा सात वर्षांचा. त्याच्या कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यामागं कातडी लाल होऊन, खाजवून खाजवून चिघळलीय. त्वचेच्या डॉक्टरांनी एक्झिमा असल्याचं सांगितलं आणि थंडीपुरते काही नियम घालून दिले. एक दिवसाआड आंघोळ, पाणी कोमट, पाच-सात मिनिटांत उरकायची. साबण फक्त काखेत आणि जांघेत. अंग टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही, आणि ते ओलसर असतानाच मलम. आईच्या कानात त्यातलं एकच राहिलं : एक दिवसाआड. पोरगं पारोसं हिंडतं, देवघरात जातं, ताटावर बसतं, हे तिला सोसत नाही.

तिला ते का सोसत नाही, हे मला चांगलं कळतं. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पहाटे पाचला बंब पेटायचा. शेणी आणि करवंट्यांचा धूर, तोटीतून बादलीत पडणारं कढत पाणी, त्यात घातलेलं विसण, आणि आईचा हात घालून बघणं. सगळ्यात आधी ती स्वतः न्हाणीत जायची, कारण पारोशा अंगानं चुलीला हात लावायचा नाही, हा तिच्या सासूचा नियम. तापानं फणफणली असतानाही तिनं डिसेंबरात पहाटे अंगावर पाणी घेतलेलं मी पाहिलंय. माझे वडील मात्र आधी चहा प्यायचे, पेपर वाचायचे आणि मग सावकाश आंघोळीला उठायचे. त्यांना कधी कुणी पारोसं म्हटलं नाही.

मी बारा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये राहते. आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझ्या नडग्यांवर पांढरे खवले आले. कोल्हापूरच्या सवयीनं सकाळी कडक पाणी आणि साबण चालू होता, घरात दिवसभर हीटर आणि कोरडी हवा. इथल्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं ते असं : कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशी आणि त्यांच्यामधलं स्निग्ध द्रव्य विटा-चुन्यासारखं बसलेलं असतं, आणि तेच आतलं पाणी धरून ठेवतं. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) पाचच्या आसपास. साबणाच्या वडीचा नऊ-दहा. गरम पाणी आणि साबण मिळून तो चुना रोज थोडाथोडा उपसतात. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. काखेत आणि जांघेत वेगळ्या ग्रंथी असतात, त्यांच्या स्रावावर जिवाणू जगतात आणि वास ते करतात. मग साबण तिथं लावा, नडगीला कशाला?

भाच्याच्या डॉक्टरांनी याहून वेगळं काही सांगितलेलं नाही. काही डॉक्टर अशा मुलांना रोज आंघोळ घालायला सांगतात, पण थोडक्यात आणि लगेच मलम लावून. काही एक दिवसाआड म्हणतात. दोन्ही रीती चालतात. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संस्था तर सहा ते अकरा वर्षांच्या निरोगी मुलांनाही आठवड्यातून किमान एकदा-दोनदा आंघोळ पुरेशी मानते. त्याखेरीज मातीत खेळून आलं, पोहून आलं, घामेजलं की घालायची. वयात आल्यावर मात्र रोज. आई याला परदेशी फॅड म्हणते.

पण इथला नियम उचलून तसाच्या तसा कोल्हापुरात लावा, असंही मी म्हणणार नाही. मे महिन्यात शिरोलीच्या फाउंड्रीतून काळी वाळू अंगावर घेऊन आलेल्या माणसाला एक दिवसाआड आंघोळ सांगणार का? तालमीतून तांबड्या मातीनं माखून आलेल्या पोराला? पावसाळ्यात चार-चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि गजकर्ण घरोघरी पसरतं. तिथं रोज धुणं आणि त्याहून जास्त म्हणजे जांघा, काखा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं गरजेचंच आहे. (दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावून हे गजकर्ण किती चिवट झालंय, त्यावर खरं तर घराघरात बोललं पाहिजे.) किती वेळा आंघोळ करायची, हे हवा, काम, वय आणि कातडी बघून ठरावं. माझं भांडण आंघोळीशी नाही. माझं भांडण 'पारोसा' या शब्दाशी आहे. तो अंगाच्या मळाबद्दल बोलतच नाही, माणसाची पायरी ठरवतो.

कोल्हापूरकरांना तर हे कुणी सांगायला नको. १८९९ साली कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात असताना, भटजी वेदोक्त (वेदांतले) नव्हे तर पुराणोक्त (पुराणांतले) मंत्र म्हणतात, हे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवतांनी त्यांच्या ध्यानात आणून दिलं. शूद्रांसाठी पुराणोक्तच, आणि ते म्हणायला मी स्वतः आंघोळ केलेली असण्याची गरज नाही, असं त्या भटजींनी सांगितल्याचं चरित्रकार लिहितात. पुढचं वेदोक्त प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. नदीत राजा भिजलेला आणि काठावर पुरोहित पारोसा, तरी शुद्ध कोण हे आधीच ठरलेलं! आपल्या गावानं हा अपमान सव्वाशे वर्षं विसरला नाही, आणि तरीही घरातली सून आंघोळीआधी स्वयंपाकघरात शिरली की आपण तोच शब्द वापरतो.

जर्मनीत हा वाद वेगळ्या दारानं आला. २०२२ मध्ये रशियाकडून येणारा गॅस आटला, तेव्हा आमच्या राज्याचे त्या वेळचे मुख्यमंत्री विन्फ्रीड क्रेट्शमन म्हणाले की सारखं शॉवरखाली उभं राहायला नको, अंग पुसायचं फडकं हाही कामाचा शोध आहे. त्यांची देशभर टिंगल झाली. आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशी पार केलेल्या आजी राहतात. त्यांना मात्र यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांच्या लहानपणी शनिवार हा आंघोळीचा दिवस. एका टबात पाणी तापवून भरायचं आणि घरातली सगळी एकामागून एक त्याच पाण्यात. बाकीचे दिवस तसराळ्यात पाणी आणि फडकं : तोंड, मान, काखा, खाली, पाय. त्यांनी मला बेसिनपाशी ते करून दाखवलं, फडक्याची घडी प्रत्येक वेळी उलटून स्वच्छ बाजू वर घेत. पाच मिनिटं आणि दोन-तीन लिटर पाणी.

पाण्याचं गणित आपल्याकडंही बदललंय, याकडं या वादात कुणी बघत नाही. भावाच्या नव्या फ्लॅटमध्ये गिझर आणि शॉवर आहे. शॉवरमधून मिनिटाला साधारण दहा लिटर पाणी जातं. दहा मिनिटं उभं राहिलं की शंभर लिटर. आईची बादली अठरा-वीस लिटरची. आंघोळ दोघांचीही रोज एकदाच, पण पाणी पाचपट. शिवाय डाळीचं पीठ आणि शिकेकाई गेली, त्यांच्या जागी फेसाच्या तीन बाटल्या आल्या. एप्रिल २०१६ मध्ये आपल्या शेजारच्या मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी पाठवावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाच हजार जणांच्या शॉवरचं पाणी, किंवा पंचवीस हजार बादल्या. बादली-तांब्या सोडायची घाई आपण करायला नको होती.

आईला मी फोनवर यातलं काहीच सांगितलं नाही. तिला ऑगस्ट २०१९ ची आठवण करून दिली. महापूर आला, उपसा केंद्रं बुडाली, शहरात सगळीकडं पाणी आणि नळ कोरडे. आमचं घर सोडून ती मामाकडं गेली होती. तिथं टँकरचं पाणी, माणशी दिवसाला दोन कळशा, त्यातच पिणं आणि सैपाक. चार दिवस आंघोळ नाही. त्या चार दिवसांत तिनं हातपाय धुतले, तोंडावरून ओला हात फिरवला आणि मामाच्या देव्हाऱ्यात रोज दिवा लावला. मामाच्या घरी उतरलेल्या अकरा माणसांचा सैपाकही तिनंच केला.

"तवा पाणी नव्हतं गं," ती म्हणाली.

"आता कातडी नाही आई. त्याची कातडी फाटलीय."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "आंघोळ नसंल त्या दिवशी हातपाय, तोंड, सगळं पुसून घ्यायचं न्हवं?"

"हो. कोमट पाण्यानं, मऊ फडक्यानं."

"मग ते मी करीन. तुझ्या वहिनीला सकाळी ऑफिसची घाई असती. आणि मलमाआधी खोबरेल लावलं तर चालंल का, एवढं त्या डॉक्टरास्नी विचारून घे."

भावाला मेसेज केलाय. त्यांची पुढची तारीख बुधवारची आहे.