कार्डिगनची कुळं आणि आपल्या बूथचे आकडे

गावाकडे कुठलीही निवडणूक होवो, निकालाच्या दुसऱ्या दिवशी एकच हिशेब सुरू होतो: कुठल्या बूथवर कोणाला किती लीड, कुठल्या वस्तीनं 'दगा' दिला. त्यावर हरकत घेतली की उत्तर ठरलेलं असतं. 'ही पारदर्शकता आहे, आकडे लपवायचे कशाला? ज्याला भीती वाटते तो मतदारच कसला!' हे शेवटचं वाक्य मला सहन होत नाही. मी वेल्समध्ये राहतो, आणि त्या वाक्याची किंमत इथल्या कुळांनी हातची शेतं गमावून मोजली आहे.

१८७२ पर्यंत या देशात मत उघड द्यावं लागे. मतदार मंचावर चढायचा, कारकून यादीत त्याचं नाव शोधायचा, मतदार सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव सांगायचा आणि ते त्याच्या नावापुढे लिहिलं जायचं. पुष्कळ ठिकाणी ही मतवही नंतर छापून विकायला यायची. जमीनदाराच्या कारभाऱ्याला चौकशीला कुठं जावंच लागत नसे. 'लपवायचं कशाला' असं विचारणारे तेव्हाही होते, आणि ते साधे लोक नव्हते. विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल म्हणत, मत ही विश्वासानं सोपवलेली जबाबदारी आहे, ती लोकांसमोरच निभावली पाहिजे. विचार उंच होता. पण मिल कोणाचं कूळ नव्हते.

मतपेटीच्या आधी यादी येते, आणि खरी ताकद तिथेच मुरलेली असते. १८३२ च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये पहिल्यांदा रीतसर मतदारयादी आणली. २० जूनला पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा, कारभार पाहणारा ओव्हरसियर चर्चच्या दारावर नोटीस लावी. काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्याच्या ग्रामीण मतदारसंघातल्या, मतदारानं २० जुलैपर्यंत स्वतः अर्ज करायचा आणि सोबत एक शिलिंग भरायचा. जुलैअखेर यादी लागे, २५ ऑगस्टपर्यंत हरकती घेता येत आणि १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर या काळात बॅरिस्टरपुढे सुनावणी चाले. हरकत घेणाऱ्यानं कारण देण्याचीही गरज नव्हती. 'तुमच्या नावाला माझी हरकत आहे' एवढी नोटीस पुरे. मग हक्क सिद्ध करायचा तो मतदारानं. ऐन सुगीत एक दिवस मोडून, पावत्या घेऊन तालुक्याच्या गावी जायचं, नाही गेलं तर नाव कटलं. ज्याच्या पदरी वकील आणि कारभारी, तो आपल्या कुळांचे अर्ज भरून शिलिंगही टाकी आणि विरोधकांच्या नावांवर ढिगानं हरकती घेई. धान्यावरचा आयातकर हटवायला निघालेल्या कॉब्डेनच्या लीगनंही पुढे हाच डाव जमीनदारांवर उलटवला.

त्याच कायद्यात मार्क्विस ऑफ चँडोसच्या दुरुस्तीनं एक कलम घुसलं: वर्षाला ५० पौंड खंड भरणाऱ्या, पण कसलाही करार हातात नसलेल्या कुळालाही मत. वरवर पाहता हा मताधिकाराचा विस्तार. प्रत्यक्षात ज्याला मालकाच्या मर्जीवर काढता येतं, नेमक्या त्याच माणसाला मतदार केलं होतं. वेल्समधली शेतं लहान, ५० पौंड खंडाची थोडीच. १८६७ मध्ये काउंटीतली अट १२ पौंडांवर आली आणि डोंगरातली छोटी कुळं यादीत शिरली. १८६८ चा स्फोट त्यातून झाला.

चुणूक त्याआधी १८५९ मध्ये उत्तर वेल्समधल्या मेरियनेथशर काउंटीत दिसली होती. तिथे रिवलास आणि विनस्टे या जमीनदारी इस्टेटींनी निवडणुकीनंतर मालकाच्या मनासारखं न वागलेली कुळं काढली. त्यांत मायकल डी. जोन्स यांची आईही होती. हेच जोन्स पुढे दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियातल्या वेल्श वसाहतीचे प्रणेते झाले, आणि १८६५ मध्ये 'मिमोझा' जहाज लिव्हरपूलहून तिकडे गेलं. १८६८ मध्ये पश्चिम वेल्समधल्या कार्डिगनशर काउंटीत लिबरल उमेदवार दीडशेच्या आसपास मतांनी निवडून आला. सरकारमान्य अँग्लिकन चर्च सोडून स्वतंत्र चॅपेलला जाणाऱ्या, वेल्श बोलणाऱ्या कुळांनी अँग्लिकन मालकांच्या मर्जीविरुद्ध मत दिलं होतं. त्यानंतर कार्डिगनशरमधली ४३ आणि कार्मार्थनशरमधली २६ कुळं बेदखल झाल्याची नोंद आहे.

बेदखल करण्याची रीत साधी होती. वहिवाट वर्षावर्षाची आणि नोटीस सहा महिन्यांची: २५ मार्चला हातात पडली की २९ सप्टेंबरला घर रिकामं. नोटिशीत मताचा उल्लेख कधीच नसायचा. जमिनीत घातलेला चुना, खत, बांधलेली कुंपणं मालकाकडेच राहत, कारण भरपाईचा सक्तीचा कायदा १८८३ मध्ये आला. गुरंढोरं एकदम विकायला काढावी लागत आणि घाईच्या विक्रीत भाव पडे. शिवाय कुळाचं मत त्याच्या कब्जातल्या शेताला चिकटलेलं असायचं, आणि ३१ जुलैपूर्वीचे सलग बारा महिने तो कब्जा हवा असायचा. शेत गेलं की यादीतलं नावही गेलं. एका नोटिशीत माणूस बेघर व्हायचा आणि त्याचं मतही जायचं.

मर्थर टिडफिलचे खासदार हेन्री रिचर्ड यांनी १८६९ मध्ये हा विषय संसदेत मांडला आणि १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला. त्यातला पडदा आणि पेटी सगळ्यांना आठवते. मला महत्त्वाचा वाटतो तो मतमोजणीचा नियम: प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिकांची संख्या लिहून घ्या, मग सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळा आणि त्यानंतरच मोजा. एका पॅरिशचा कल बाहेर आला तर अख्खी पॅरिश नोटिशीच्या छायेत येते, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. आजही इथे असंच मिसळून मोजतात. पक्षांचे लोक टेबलाशी उभे राहून अंदाज बांधतात, पण अधिकृत आकडा केंद्रनिहाय लागत नाही.

आपल्याकडे भारतात फॉर्म २० या निकालपत्रकात प्रत्येक केंद्राची मतं छापून मिळतात. हजार-बाराशे मतदारांचं केंद्र म्हणजे एक वाडी, एक तांडा, एक आळी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची उचल मुकादमाकडून आलेली असते, आणि मुकादम कोणाचा माणूस आहे हे तांड्याला माहीत असतं. त्या तांड्याचा आकडा मुकादमाच्या हाती देणं याला मी पारदर्शकता म्हणणार नाही. निवडणूक आयोगानं २००८ मध्येच १४ मतदान यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर हे उपकरण सुचवलं, २०१५ मध्ये विधी आयोगानं पाठिंबा दिला, केंद्र सरकारनं ते मानलं नाही.

इथल्या लोकांशी बोलताना मात्र मी भारताचीच बाजू घेतो, आणि त्यात खोटं काही नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी आपण शिलिंग मागितला नाही. सरकार स्वतः दारोदार गेलं. 'अमक्याची बायको' एवढंच नाव सांगितलेल्या सुमारे २८ लाख स्त्रिया तेव्हा यादीतून गळाल्या ही जखम खरी. तरी नाव नोंदवण्याचा भार राज्यानं उचलायचा, हे आपण पहिल्याच दिवशी ठरवलं. म्हणूनच आज 'यादीत नाव नाही? त्याचीच चूक' असं घरचे म्हणतात तेव्हा मला १८३२ च्या चर्चचं दार दिसतं.

भारतीय पासपोर्टवर मला इथे प्रत्येक निवडणुकीत मत देता येतं, पोलिंग कार्ड न मागता दारातून आत पडतं. गावच्या यादीसाठी परदेशस्थ भारतीयांचा फॉर्म ६अ भरावा लागतो आणि मत द्यायला स्वतः जावं लागतं. मी तो भरलेला नाही. पण निकाल लागला की फॉर्म २० मी उघडतोच. आमच्या केंद्राची ओळ शोधतो, वरच्या आळीनं कोणाला दिलं आणि खालच्या वस्तीनं कोणाला, याचा अंदाज लावतो, आणि तो बहुतेक बरोबर निघतो. गावाशी माझं एवढंच नातं उरलंय की काय, असं त्या वेळी वाटतं. आणि जे मला इतक्या लांबून दिसतं, ते तिथे कोणाकोणाला दिसत असेल, हेही कळतं.