मला विचाराल तर प्राइमचं खरं मरण व्हिडिओ गेममधलंच

ट्रान्सफॉर्मर्सचे, म्हणजे गाड्या-विमानांत बदलणाऱ्या रोबोंच्या कार्टून-कॉमिकचे, दोन जुने चाहते भेटले की पाच मिनिटांत ऑप्टिमस प्राइम या त्यातल्या चांगल्या रोबोंच्या सेनापतीच्या जखमांची उजळणी सुरू होते. डोकं शॉकवेव्ह या शत्रूच्या ताब्यात गेलं तेव्हाची, न्यूयॉर्कमध्ये सुटे भाग झाले तेव्हाची, आणि अर्थातच १९८६ च्या सिनेमातल्या मरणाची. हाणामारीत तो किती वेळा जिंकला हे फारसं कुणाला आठवत नाही. कुठे, कसा आणि कुणामुळे पडला, ते मात्र तोंडपाठ.

आपल्याकडे बहुतेकांची प्राइमशी ओळख झाली ती २००७ च्या सिनेमात, लांब नाकाच्या ट्रकमधून. मी बोलतोय तो त्याआधीचा. १९८४ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर आलेला, चपट्या तोंडाचा, चौकोनी छातीचा. खेळणं मुळात जपानच्या टाकारा कंपनीचं, तिथल्या डायाक्लोन मालिकेतलं; हस्ब्रोने ते अमेरिकेत नवं नाव लावून विकलं. त्या खेळण्याच्या मुठी सुट्या असायच्या. ट्रक करायचा तर आधी मुठी काढून बाजूला ठेवायच्या, आणि लहान मुलांच्या घरात बाजूला ठेवलेली वस्तू किती दिवस टिकते ते सांगायला नको. म्हणून आजही जुन्या मालात मनगटापुढे काहीच नसलेले प्राइम सर्रास दिसतात.

कार्टूनमध्येही त्याची दशा काही वेगळी नव्हती. 'डिव्हाइड अँड कॉन्कर' या भागात तो इतका घायाळ होतो की कॉस्मिट्रॉन नावाचा एक सुटा भाग आणायला ऑटोबॉट्सना, म्हणजे त्याच्या साथीदारांना, थेट सायबरट्रॉन या त्यांच्या मूळ ग्रहावर जावं लागतं. 'सिटी ऑफ स्टील'मध्ये तर डिसेप्टिकॉन, म्हणजे शत्रुपक्षाचे रोबो, त्याला सरळ मोडीत काढतात आणि त्याच्याच भागांतून एक यांत्रिक मगर तयार करतात. सेनापतीची मगर! लिहिणाऱ्यांना त्या दिवशी काय सुचलं होतं देव जाणे. मार्व्हलच्या कॉमिकमध्ये कितीतरी अंक त्याचं धडावेगळं डोकं शत्रूच्या तळावर पडून असतं.

पण या सगळ्या लोखंडाच्या जखमा. वेल्डिंग केलं की संपलं. त्याची दुखरी नस वेगळी आहे आणि डिसेप्टिकॉनचा म्होरक्या मेगाट्रॉन याला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

'वॉर डॉन' या भागात प्राइमचा जन्म दाखवलाय. तेव्हा तो गोदीत काम करणारा साधा ओरायन पॅक्स. मेगाट्रॉन त्याचा आदर्श. हा उडणारा, रुबाबदार नवा रोबो आपल्याशी बोलतोय यानेच स्वारी हुरळून जाते, आणि मेगाट्रॉन काम साधून त्यालाच गोळ्या घालतो. उरलेल्या तुकड्यांतून अल्फा ट्रायॉन हा म्हातारा रोबो प्राइमला घडवतो. म्हणजे ऑप्टिमस प्राइम मुळात भोळेपणापायी गोळी खाऊनच जन्माला आला. बरं, तेवढ्यावर शहाणा व्हावा की नाही? नाव नको. 'हेवी मेटल वॉर'मध्ये तोच मेगाट्रॉन द्वंद्वाचं आव्हान देतो, हरेल त्याने पृथ्वी सोडायची. सगळ्या डिसेप्टिकॉनच्या शक्ती गुपचूप स्वतःत भरून तो मैदानात उतरतो. प्राइम हरतो आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे सामान आवरायला लागतो! फसवणूक झाल्याचं उघड होतं तेव्हा कुठे पारडं फिरतं. माझा एक मित्र म्हणतो, हा सेनापती नाही, हा शाळेचा मॉनिटर आहे. मला ते पटत नाही, पण हसू येतं हे खरं.

आता १९८६ चा सिनेमा. ऑगस्टमध्ये तो अमेरिकेत लागला आणि मुलं थिएटरात हमसून रडली. प्राइमने मेगाट्रॉनला जमिनीवर आणलेलं असतं, बंदूक रोखलेली असते. मेगाट्रॉन दयेची भीक मागतो आणि बोलता बोलता जवळ पडलेल्या एका बंदुकीकडे हात सरकवतो. ते हॉट रॉड या तरुण ऑटोबॉटला दिसतं. तो झेप घेतो, मेगाट्रॉन त्यालाच पकडून ढालीसारखा पुढे धरतो, आणि प्राइमचं बोट अडतं. तेवढ्यात मेगाट्रॉन गोळ्या झाडतो, आणि त्याच जखमांनी पुढे प्राइम मरतो. हॉट रॉडला चाहते अजून शिव्या घालतात. मला हा त्याच्यावर अन्याय वाटतो, कारण बंदूक दिसली ती फक्त त्यालाच. आणि तो मध्ये आला नसता तरी प्राइम भीक मागणाऱ्यावर कितीसा लवकर चाप ओढणार होता?

मग तो प्रसंग. मॅट्रिक्स, म्हणजे सेनापतीपदाबरोबर पुढच्याला द्यायची ठेव, हातातून सुटतो, डोळ्यांतला उजेड जातो, लाल-निळा रंग उतरून अंग करडं पडत जातं. आवाज पीटर कलन यांचा. त्यांचा भाऊ लॅरी अमेरिकेच्या मरीन दलातला, व्हिएतनाममध्ये लढून आलेला. या भूमिकेची चाचणी द्यायला निघाले तेव्हा त्याने सांगितलं होतं की हिरो करणार असशील तर आरडाओरडा करू नकोस, मवाळ राहण्याइतका बळकट हो. कलन यांनी हे अनेक मुलाखतींत सांगितलंय. तो मवाळपणा त्या मरणातही ऐकू येतो, आणि म्हणूनच ते इतकं लागतं.

कारण मात्र कलेचं नव्हतं, दुकानाचं होतं. जुन्या खेळण्यांची विक्री संपत आलेली, नवी मांडायची होती, म्हणून जुन्यांना एकगठ्ठा मारलं. मुलांच्या मनात प्राइम म्हणजे कोण याचा कंपनीला अंदाजच नव्हता. एवढा गहजब झाला की पुढच्या वर्षी हस्ब्रोच्याच जी. आय. जो या सैनिकी खेळण्यांच्या सिनेमात ड्यूक हा नायक मरायचा होता, त्याला घाईघाईने कोमात ढकललं. प्राइमही फेब्रुवारी १९८७ मध्ये टीव्हीवर परत आला. मधे त्याचं प्रेत उठवून क्विंटेसन्स या परग्रही खलांनी त्याला आपल्याच लोकांवर सोडलं, तो भाग मी पुन्हा बघत नाही.

आता मुद्द्यावर येतो. जवळजवळ त्याच सुमारास, जानेवारी १९८७ ची तारीख छापलेल्या मार्व्हलच्या २४ व्या अंकात, बॉब बुडियान्स्की यांनीही प्राइमला मारलं. इथेही नव्या पात्रांना जागा करून द्यायची होतीच. पण कसं मारलं? प्राइम आणि मेगाट्रॉन यांचा सामना एका व्हिडिओ गेममध्ये होतो. अट अशी, की हरेल त्याला खरोखर स्फोटाने उडवायचं. प्राइम जिंकतो. पण जिंकताना त्याच्या हातून त्या खेळातले काही निरपराध रहिवासी मरतात. खेळातले, म्हणजे पडद्यावरचे ठिपके! प्राइम म्हणतो, मी माझं तत्त्व मोडलं, म्हणजे हरलो मीच, दाबा बटण. ईथन झॅकरी हा गेम बनवणारा माणूस बटण दाबतो आणि प्राइमच्या चिंधड्या होतात.

चाहत्यांमध्ये यावर आजवर जेवढे विनोद झाले तेवढे क्वचितच कशावर झाले असतील. मीही केलेत. पण सिनेमातल्या मरणापेक्षा मला हे मरण जास्त प्राइमचं वाटतं. सिनेमात त्याला मेगाट्रॉनने गाठलं, इथे त्याला कुणीच गाठलं नाही. ओरायन पॅक्सचा भोळेपणा, द्वंद्वातला दिलेला शब्द, हॉट रॉडपाशी अडलेलं बोट, सगळं एकाच दिशेने जात होतं आणि बुडियान्स्कींनी ते शेवटच्या टोकापर्यंत नेलं. टोकाला गेलं की हास्यास्पद होणारच. पण 'मला बघायला कोण आहे, ते थोडेच खरे आहेत' असं जो म्हणेल तो प्राइम नव्हे.

नव्या सिनेमांशी माझं भांडण आहे ते इथे. २००९ च्या सिनेमात जंगलात सॅम या त्याच्या माणूस मित्राला वाचवताना मेगाट्रॉनने पाठीतून भोसकलं, तिथवर ठीक, जखम जुनीच होती. पण २०११ मध्ये हात तुटलेला प्राइम उभा राहतो आणि गयावया करणाऱ्या सेंटिनेलला, आपल्याच जुन्या गुरूला, तिथेच संपवतो. थिएटरात टाळ्या पडल्या. सेंटिनेल पक्का गद्दार, कबूल. पण हाच प्रसंग १९८६ चा आहे हो! खाली पडलेला शत्रू, हातात बंदूक, दयेची याचना. त्या वेळी ज्याचं बोट अडलं त्यालाच आपण ओळखत होतो. यावर 'मग शहाणा झाला की शेवटी' असं म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच, या.

आणि २४ वा अंक वाचून हसलात तर २५ वाही वाचा. प्राइम इतक्या सहज, स्वतःहून मेला यावर मेगाट्रॉनचा विश्वासच बसत नाही. यात काहीतरी डाव आहे, तो जिवंत आहे, परत येणार आहे, या एकाच विचाराने त्याचं डोकं फिरतं आणि शेवटी तो स्पेस ब्रिजसकट, म्हणजे पृथ्वी आणि सायबरट्रॉन जोडणाऱ्या पुलासकट, स्वतःला उडवून घेतो. इतकी वर्षं प्राइमची कमजोरी वापरून घेणाऱ्याला ती खऱ्या अर्थाने कधी कळलीच नव्हती.