पूर्ण भाड्याचा प्रवासी

सहल कंपनीच्या नादी न लागता आपली सहल आपणच आखावी आणि तीही कमी खर्चात करावी, हा विचार ज्याच्या मनात प्रथम आला तो गृहस्थ बहुधा अविवाहित असावा. निदान तो आमच्या अमळनेरचा तरी नसावा, आणि मे महिन्यातल्या दुपारी घरघरणाऱ्या कूलरसमोर सगळे कुटुंब जमवून "यंदा कुठे जायचे?" असे विचारण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नसावा. कंपनीच्या सहलीत बस बिघडली, पाऊस आला किंवा भाजीत मीठ जास्त पडले, तर बोल लावायला एक व्यवस्थापक पगारावर ठेवलेला असतो. स्वतंत्र सहलीत त्याचा पगार वाचतो. बोल मात्र वाचत नाहीत. ते घरातल्या कर्त्या माणसाच्या नावावर जमा होतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांची व्याजासकट वसुली चालते.

अमळनेरात स्वित्झर्लंडला जाणारी माणसे नाहीत असे नव्हे. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली, आणि ज्यांच्या आजोबांनी त्या काळात थोडे शेअर घेऊन ट्रंकेत टाकले त्यांच्या नातवंडांना आज सहलीचे अंदाजपत्रक करावे लागत नाही. आमच्या आजोबांनी त्याच सुमारास म्हैस घेतली. म्हैस उत्तम होती, असे माय तिच्या सासूच्या हवाल्याने अजूनही सांगते. पण तिचे बोनस शेअर निघाले नाहीत. त्यामुळे आम्हाला जे काही जग पाहायचे आहे ते एसटीच्या खिडकीतून किंवा सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरच्या दारातून पाहावे लागते.

त्यातल्या त्यात एसटीचे अर्थशास्त्र आम्हाला विलक्षण अनुकूल आहे. माय पंच्याहत्तरी ओलांडून गेलेली असल्याने २०२२ पासून तिला राज्यभर प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून सौभाग्यवतींना अर्धे तिकीट पडते. चिरंजीव सहावीत असल्याने तोही अर्ध्यात बसतो. म्हणजे आमच्या चौकोनी कुटुंबात पूर्ण भाडे देणारा प्रवासी मी एकटा. असे असूनही खिडकी मला मिळत नाही. एक खिडकी माय घेते, कारण तिला गाडी लागते. दुसरी चिरंजीव घेतो, कारण मायला गाडी लागली की त्याला तिच्यापासून दूर बसायचे असते. सौभाग्यवतींना वाऱ्याची जागा लागते. मी सामानाशेजारी बसतो आणि ज्याच्या पैशावर ही गाडी चालते तो माणूस आपण आहोत, या विचाराने स्वतःचे समाधान करून घेतो. मायची सवलत मात्र राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, आणि हे कळल्या दिवसापासून तिच्या दृष्टीने जगाचा नकाशा महाराष्ट्राच्या नकाशाएवढाच उरला आहे. त्याबाहेरचे कोणतेही ठिकाण सुचवले की ती शांतपणे विचारते, "तठे काय शे?"

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मी भल्याभल्या पर्यटनस्थळांना या प्रश्नापुढे मान टाकताना पाहिले आहे. तिथे डोंगर आहे म्हटले तर ती खिडकीतून सातपुड्याकडे बोट दाखवते. नदी आहे म्हटले तर तापी काय आटली का, असे विचारते.

सौभाग्यवतींना प्रेरणा मोबाइलमधून मिळते. त्यांच्या मनातले ठिकाण साधारणपणे असे असते की तिथे लाकडी व्हरांडा असतो, व्हरांड्यापलीकडे धुके असते आणि पांढरी शाल पांघरलेली एक बाई दोन्ही हातांत कॉफीचा मग धरून त्या धुक्याकडे पाहत असते. त्या चित्रात कोणीही बोचकी उचलताना, सुट्ट्या पैशांवरून वाद घालताना किंवा स्वच्छतागृह शोधताना दिसत नाही. ती बाई तिथपर्यंत कशी पोहोचली, तिच्या सासूची सोय काय केली आणि त्या कॉफीचे बिल किती झाले, हे मी एकदा विचारून पाहिले. उत्तराऐवजी मला दुसऱ्या व्हरांड्याचे चित्र दाखवण्यात आले. चिरंजीवांची मागणी याहून सोपी आहे. त्याला बर्फ पाहिजे.

माझी स्वतःची प्रेरणा जिल्ह्याच्या नकाशापलीकडे सहसा जात नाही, आणि मला त्याची लाज वाटत नाही. खानदेशात पाहण्यासारखे इतके आहे की एक जन्म पुरायचा नाही. अडचण एवढीच की ते सगळे मे महिन्यात पाहण्यासारखे राहत नाही. मी उनपदेवचे नाव काढले. गरम पाण्याचे झरे असलेली या नावाची दोन ठिकाणे आमच्या टापूत आहेत, एक अडावदजवळ आणि एक शहाद्याकडे. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपल्या गच्चीवरच्या टाकीतून दुपारी तेच पाणी येते, आणि तिथवर जायला तिकीटही लागत नाही." मी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचे जंगल सुचवले आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने तिथे मठ स्थापल्याचा शिलालेख पाटणला आहे, ही माहिती उत्साहाने पुरवली. ती पुरवायला नको होती, असे चिरंजीवांच्या चेहऱ्यावरून वाटले. परीक्षा संपल्यावर कोणते आईबाप मुलाला गणिताच्या मठात नेतात, असा त्याचा सवाल होता. अजिंठ्याचे नाव तर निघण्याआधीच बाद होते. कोणा बाहेरच्याला हे पटायचे नाही. पण अजिंठा हे खानदेशी माणसाचे सहलीचे ठिकाण राहिलेले नसून ते त्याचे सामाजिक कर्तव्य झाले आहे. जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला १८१९ साली शिकारीच्या निमित्ताने ती लेणी दिसली. आम्हाला ती दरवर्षी पाहुण्यांच्या निमित्ताने दिसतात. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून आतल्या बसने जावे लागते आणि सोमवारी लेणी बंद असतात, हे आता आमच्या घरातले मांजरही सांगेल.

एकदा सौभाग्यवतींनी आग्र्याचा हट्ट धरला, तेव्हा मात्र मी इतिहासाचा आधार घेतला. मुमताजमहल आग्र्याला वारलीच नाही. ती १६३१ साली बुऱ्हाणपुरात वारली, तिचे पहिले दफनही तापीच्या पलीकडच्या काठावर जैनाबादच्या बागेत झाले आणि आग्र्याला तिला नंतर नेले. बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या काळातली खानदेशाची राजधानी. भुसावळला गाडी बदलली की घटका दोन घटकांत गाठता येते. शिवाय तिथे शाही हमामखाना आहे आणि जमिनीखालून पाणी खेळवणारा कुंडी भंडारा आहे, ज्यात लिफ्टने खाली उतरता येते. म्हणजे मूळ घटना आपल्या शेजारी घडली असताना केवळ तिचे स्मारक पाहण्यासाठी आग्र्यापर्यंत भाडे भरणे म्हणजे उधळपट्टी होय, असे मी सप्रमाण मांडले. सौभाग्यवती काही वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "शहाजहानला बायकोसाठी संगमरवर परवडला. तुम्हाला आग्र्याचे तिकीट परवडत नाही, आणि वर तुम्ही मला ती जिथे मेली तिथे नेणार?" मायने बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात येते, एवढेच एक वाक्य बोलून विषय मिटवला.

परराज्य पाहण्याची हौस मी शेवटी नवापूरवर भागवली. ते रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिकीटखिडकी इकडे, स्टेशनमास्तरांची कचेरी तिकडे, आणि फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध राज्याची सीमा. मी चिरंजीवाला त्या बाकाच्या एका टोकाला आणि मायला दुसऱ्या टोकाला बसवून, एका पॅसेंजरच्या तिकिटात आंतरराज्य सहल घडवल्याचे जाहीर केले. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही गुजरातेत खाल्ली, हात महाराष्ट्रात धुतले आणि परतीच्या गाडीने घरी आलो. ही सहल माझ्या मते आजवरची सर्वांत किफायतशीर सहल होती. घरात तिचा उल्लेख मात्र केवळ भांडणात होतो.

लांबच्या प्रवासाचा विचार करायचा तर रेल्वेचे आरक्षण आडवे येते. पूर्वी ते १२० दिवस आधी खुले होत असे, त्यामुळे कुटुंबात मतभेद व्हायला, अबोला धरायला आणि तो सोडायला पुरेसा अवधी मिळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. आता आमचा अबोला सुटेपर्यंत जागा संपलेल्या असतात. मग तत्काळचा मार्ग उरतो, म्हणजे आदल्या दिवशी सकाळी वातानुकूलितसाठी दहाला आणि साध्या शयनयानासाठी अकराला मोबाइलवर बोट ठेवून बसायचे. काटकसर करणारा माणूस अकरा वाजताच्या वर्गातला असतो, हे सांगायला नको. त्या क्षणी नेमके नेटवर्क जाते, ते परत येते तेव्हा प्रतीक्षा यादी सुरू झालेली असते, आणि कूलरपलीकडून आवाज येतो, "मी तुम्हाला मार्चमध्येच म्हटले होते."

कमी खर्चाच्या प्रवासाचे म्हणून काही नियम मी अनुभवाने बसवले आहेत आणि त्यांतला प्रत्येक नियम घरातल्या कोणाला ना कोणाला तरी जाचतो. प्रवास रात्री करावा, म्हणजे लॉजचे एका रात्रीचे भाडे वाचते. पहाटे चारला परक्या फलाटावर उतरून उजाडण्याची वाट पाहताना ही बचत कोणालाच दिसत नाही. मुक्काम भक्तनिवासात करावा. तिथे खोली स्वच्छ आणि स्वस्त असते, पण पहाटे पाचला काकड आरती होते. रेल्वे स्थानकावरची विश्रांतीची खोली त्याहून सोयीची, मात्र ती मिळायला हातात पक्के तिकीट असावे लागते, आणि पक्क्या तिकिटाची कथा वर सांगितलीच आहे. सामान क्लोक रूममध्ये टाकून दिवसभर मोकळ्या हाताने हिंडावे, हा तर सुवर्णनियम. परंतु तिथे कुलूप नसलेले सामान ठेवून घेत नाहीत आणि मायचे सगळे सामान लुगड्यात बांधलेले असते. एका मोठ्या स्थानकावर मी त्या गाठोड्याला साखळी गुंडाळून कुलूप लावले तेव्हा खिडकीवरचा कारकून खुर्चीवरून उठून ते पाहायला बाहेर आला.

शेवटी तोरणमाळवर मतैक्य झाले, त्यालाही गणिताचाच आधार होता. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटरवर, म्हणजे आमच्यापेक्षा जवळजवळ हजार मीटर वर. काश्मीरला गेल्याने जितके अंश कमी होतात त्यांना तिथल्या खर्चाने भागले आणि तोरणमाळच्या अंशांना एसटीच्या भाड्याने भागले, तर रुपयामागे पडणाऱ्या अंशांत तोरणमाळच्या पासंगालाही काश्मीर पुरत नाही. हे कोष्टक मी वहीत आखून दाखवले. "म्हणजे आपल्याकडे चव्वेचाळीस असताना तिथे साडेसदतीस," सौभाग्यवतींनी उत्तर काढले, "आणि याला तुम्ही थंड हवेचे ठिकाण म्हणता?" म्हणून सहल श्रावणावर ढकलली.

श्रावणात आम्ही शहाद्याला बस बदलून सातपुड्याचा घाट चढलो. मायला वळणागणिक गाडी लागली, परंतु प्रवास मोफत असल्याने तिने तक्रार केली नाही. वर पोहोचलो तेव्हा धुके इतके दाट होते की यशवंत तलाव कोणत्या बाजूला आहे हे आवाजावरून ओळखावे लागले. सीताखाईच्या कड्यापाशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. समोर खोल दरी आहे, पावसाळ्यात तिच्यात धबधबा कोसळतो, असे मी सांगत होतो आणि समोर पांढऱ्या रंगाखेरीज काहीही नव्हते. मायने नेहमीचा प्रश्न विचारला. त्या दिवशी प्रथमच मला त्याचे प्रामाणिक उत्तर देता येईना. चिरंजीव म्हणाला की बर्फही पांढराच असतो, तेव्हा हे त्यात धरायला त्याची हरकत नाही. सौभाग्यवती मात्र प्रसन्न होत्या. वनखात्याच्या कुठल्याशा इमारतीचा बंद व्हरांडा सापडला होता, टपरीवरचा चहा स्टीलच्या पेल्यात मिळाला होता, आणि माझ्या हातात मोबाइल देऊन त्या धुक्याकडे पाहत अशा उभ्या राहिल्या की पेला तेवढा मग असता तर चित्र पुरे झाले असते. तो फोटो पाहून गल्लीतल्या एका बाईंनी कोणत्या कंपनीकडून गेला होतात, असे विचारले. तेव्हापासून त्या मला आदराने वागवतात, म्हणजे सौभाग्यवती. गल्लीतल्या बाई आपल्या भाच्याच्या मधुचंद्राचे स्वस्तातले नियोजन माझ्याकडून फुकट करून घेण्याच्या विचारात आहेत.

परतीच्या बसमध्ये मायने कंडक्टरला जवळ बोलावून, राज्यातल्या राज्यात सगळ्यात लांब कुठपर्यंत जाता येते, याची चौकशी केली. त्याने थोडा विचार करून सावंतवाडी सांगितले. माय काही वेळ बोटांवर हिशेब करीत होती. तोरणमाळला तिचे जेवढे भाडे वाचले त्याच्या कितीतरी पट सावंतवाडीला वाचेल, तेव्हा काटकसरच करायची तर जवळपास हिंडण्यात काही अर्थ नाही, असे तिने मला समजावले. "जितलं दूर, तितली बचत," ती म्हणाली. चिरंजीवाला तिथून समुद्र जवळ असल्याचे आठवले. सौभाग्यवतींनी मोबाइलवर लाल मातीतल्या एका कौलारू घराचा व्हरांडा शोधून काढला होता. आमच्या घरात इतक्या झटपट एकमत झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मी आशेने कंडक्टरकडे पाहिले.

"गाड्या चारदा बदलाव्या लागतील, भाऊ," तो म्हणाला, "पण माय सांगते ते खरे आहे. तिला एक रुपया लागणार नाही."