पैठणला जाताय? मग बाजारपेठेतून पायी फिरा

पैठणला जाऊन आलेली माणसं तीन गोष्टी हमखास सांगतात: नाथांची समाधी, जायकवाडी आणि पैठणी. तिन्ही पाहाव्यातच. पण मराठीवर जीव असलेल्या माणसाने या गावाला अख्खा दिवस द्यावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, व्यापाराचं मोठं ठाणं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात त्याचं नाव आहे. इथून गोमेदासारखे दगड गाड्यांत भरून 20 दिवसांच्या वाटेवरच्या, गुजरातेतल्या भडोच बंदरात जात. रस्ते धड नव्हते, तरी माल जायचा!

त्याच सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे. मराठी जिच्यातून आली त्या महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथा, म्हणजे दोन-दोन ओळींच्या कविता, आणि त्यांत दरबारापेक्षा गावच जास्त. नांगरणारे, त्यांच्या लेकीसुना, गोदेचा काठ. एका गाथेत पाणपोईवर वाटसरू ओंजळीने पाणी पितोय. नजर वर, पाणी वाढणाऱ्या मुलीकडे. पिणं लांबावं म्हणून तो बोटं फाकवतो, पाणी गळू देतो. तीही हातातली धार बारीक करत जाते. बस्स, एवढंच! दोन ओळींत इतकं मावतं, आणि ते आपल्या भाषेच्या आजीने लिहून ठेवलंय. मराठी शाळांमधून ही गाथा शिकवली जायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

पुढे कित्येक शतकांनी याच गावात एकनाथ महाराज झाले. 1584 साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. एवढ्या एका कामासाठीही आपण त्यांचे कायमचे ऋणी आहोत. पण मला त्यांची भारुडं अधिक जवळची. वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू चावलेला माणूस. ही सगळी मंडळी रस्त्यावरची, बाजारातली. गाथेतल्या माणसांचीच भावकी म्हणा ना. म्हणून समाधीमंदिरातून थेट गाडीत बसू नका. गावातल्या नाथांच्या वाड्यापर्यंत जुन्या गल्ल्यांतून चालत जा.

मला खटकलं ते एवढंच, की घाटावर फिरताना एकही गाथा कुठे लिहिलेली दिसली नाही. दहा गाथा निवडाव्यात, खाली सोपा मराठी अर्थ द्यावा आणि घाटाच्या दगडात कोराव्यात. नाथषष्ठीला लाखो वारकरी येतात, पैठणी घ्यायला वर्षभर माणसं येतात. वाचणारे पुष्कळ मिळतील. पैठणकरांनी हे मनावर घेतलं, तर वर्गणी द्यायला मी तयार आहे.