आग्रह मराठीचा, शेजार फिजीचा

फिजीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा सांगलीकडे दुपारचा दीड झालेला असतो. बाबांचे जेवण उरकलेले असते, आमची स्वयंपाकघरातली आवराआवर चाललेली असते, आणि दर रविवारी याच वेळेला आमचे बोलणे होते. 2025च्या जून-जुलैमध्ये या बोलण्यात दुसरा विषयच नव्हता. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा 16 एप्रिलचा शासन निर्णय, 'सर्वसाधारणपणे' असा शब्द घालून तोच पुन्हा आणणारा 17 जूनचा दुसरा निर्णय, आणि 29 जूनला दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याची मुख्यमंत्र्यांची घोषणा, हे सगळे बाबांनी मला टप्प्याटप्प्याने ऐकवले. पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या माणसाचा त्रागा त्यात होता. ज्या मुलाला अजून मराठी जोडाक्षरे नीट वाचता येत नाहीत, त्याच्यावर आणखी एका भाषेचे ओझे कशाला, हा त्यांचा प्रश्न मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो.

पण त्याच दिवसांत मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीवरून मारहाण झाली. त्याची चित्रफीत बाबांच्या मित्रमंडळींत फिरली आणि बाबा म्हणाले, "मारणे चूकच, पण इतकी वर्षे राहूनही भाषा शिकावीशी वाटत नाही, याचे काय?" त्या प्रश्नावर मी गप्प झाले, कारण तो प्रश्न मी ज्या गावात राहते त्या गावात रोज माझ्यासमोर उभा असतो, आणि तिथे बाहेरून आलेली बाई मी असते.

नवऱ्याच्या पूलबांधणीच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षांपासून लौटोकात आहोत. विती लेवू या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे साखरेचे शहर आहे. इथला कारखाना 1903 सालचा आहे, आणि गळीत हंगामात उसाने लादलेल्या छोट्या रुळांवरच्या गाड्या रस्ता ओलांडतात तेव्हा आम्ही सगळे थांबून राहतो. मळीचा तो वास वाऱ्यावर आला की मला वाळवा तालुक्यातले आमचे गाव आठवते. ऊस ज्या माणसांनी इथे उभा केला ती माणसे 14 मे 1879 रोजी लिओनिडास नावाच्या जहाजातून आली, आणि 1916पर्यंत अशी साठ हजारांहून अधिक माणसे पाच वर्षांच्या करारावर कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून इथे उतरवली गेली. 'ॲग्रीमेंट'चे गिरमिट झाले आणि ती माणसे गिरमिटिया झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1912 साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला होता. सरकारी मतांनी तो फेटाळला गेला. लौटोकातल्या एखाद्या म्हाताऱ्याला मी हे सांगते तेव्हा त्याला गोखले ठाऊक नसतात, पण ठराव पडला हे ऐकून तो मान हलवतो.

आमच्या एका बाजूला अशाच गिरमिटियांच्या चौथ्या पिढीतले घर आहे. तिथल्या वृद्ध बाईंना माझी नऊ वर्षांची मुलगी 'आजी' म्हणते, आणि त्यांच्या भाषेतही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. दुसऱ्या बाजूला मूळच्या फिजीयन, म्हणजे आता अधिकृतपणे इतौकेई म्हटल्या जाणाऱ्या समाजातले कुटुंब आहे. तौकेई म्हणजे धनी, मालक. देशातली सुमारे 87 टक्के जमीन याच समाजाच्या कुळांच्या सामायिक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही, फक्त भाडेपट्ट्याने देता येते. या घरातल्या आजीला मुलगी 'बुबू' म्हणते.

एका शनिवारी बुबूने त्यांच्या मळ्यातून, म्हणजे तेइतेइतून, अळूची दहा-बारा पाने आणली. देठ कोवळे, पानांवर अजून दव. ती पाने नारळाच्या दाट दुधात शिजवायची असतात, त्याला रोउरोउ म्हणतात, हे मला ठाऊक होते. मी मात्र बेसन, चिंच, गूळ आणि तीळ घेऊन बसले, पाने उलटी पसरली, शिरा लाटण्याने चेपल्या आणि थर लावून गुंडाळी केली. कुंपणावरून शेजारच्या आजी बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ई तो सैना है!" त्यांच्याकडे हीच पाने वाटलेली डाळ लावून गुंडाळतात आणि तळतात, आणि त्यांच्या आजीने कोणत्या जिल्ह्यातून ही कृती आणली ते आता कोणालाच आठवत नाही. अळूवडीची पहिली वडी बुबूने खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. त्या अर्ध्या तासात तिघीजणी ज्या भाषेत बोललो ती फिजी हिंदी होती, आणि बुबू ती माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने बोलत होती, कारण तिचे लहानपण उसाच्या वस्तीशेजारच्या गावात गेले. शेजारच्या आजींना इतौकेई भाषेतली चार-दोन वाक्ये येतात. मला त्याहून कमी येत होती.

बाबांचा प्रश्न मला लागला तो इथे. चार पिढ्या राहूनही भाषा का आली नाही, याचे उत्तर मी शेजारच्या आजींच्या स्वभावात शोधू शकत नाही, कारण त्या कोणाला तुच्छ लेखणाऱ्या नाहीत. उत्तर इतिहासात आहे. गिरमिटियांना मळ्यांवरच्या ओळीओळीच्या कोठड्यांत ठेवले गेले, आणि इतौकेई लोकांना त्यांच्या गावांत आणि त्यांच्या सरदारांच्या ताब्यात ठेवायचे हे ब्रिटिश वसाहतीचे ठरलेले धोरण होते. पुढे शाळा निघाल्या त्याही समाजासमाजाच्या. आर्य समाजाच्या, सनातन धर्माच्या, दक्षिण भारतीयांच्या, मुस्लिम लीगच्या शाळा एकीकडे आणि गावांतल्या, मिशनच्या शाळा दुसरीकडे. वरच्या वर्गांत दोघांनाही इंग्रजी. म्हणजे एकमेकांची भाषा शिकण्याची गरज कोणी निर्माण केली नाही आणि सोयही कोणी केली नाही. ज्यांना शिकता आले ते उसाच्या बांधावर, बाजारात, फुटबॉलच्या मैदानावर शिकले.

या दुराव्याची किंमत या देशाने पुरेपूर मोजली. 1986च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक इतौकेईंपेक्षा थोडे अधिक भरले, आणि पुढच्याच वर्षी, 14 मे 1987 रोजी, म्हणजे लिओनिडासच्या बरोबर एकशे आठव्या वर्षदिनी, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी लष्करी उठाव केला. 2000 साली पुन्हा सत्तापालट झाला. मे 2000च्या त्या दिवसांविषयी शेजारच्या आजी फारसे बोलत नाहीत. त्यांच्या घरातली निम्मी माणसे आज ऑकलंड आणि ब्रिस्बेनला आहेत, एवढेच त्या सांगतात. त्यातच 1997पासून उसाच्या जमिनींचे तीस वर्षांचे भाडेपट्टे संपू लागले होते, आणि त्यांच्या सासऱ्यांनी कसलेली दहा एकर जमीन कुळाकडे परत गेली तेव्हा त्यांना शहरात यावे लागले. बुबूच्या बाजूने पाहिले तर तीही गोष्ट वेगळी दिसते. ज्यांची जमीन होती त्यांना पट्ट्याचे भाडे किती तुटपुंजे मिळत होते, आणि आपल्याच देशात आपण उरणार की नाही ही भीती किती खरी वाटत होती, हे तिच्याकडून ऐकल्यावर मला कोणा एकाची बाजू घेता येत नाही. ती भीती महाराष्ट्रातल्या माझ्या माणसांच्या भीतीच्या फार जवळची आहे.

म्हणूनच मला या दोन्ही ठिकाणांबद्दल सांगावेसे वाटते ते असे. आलेल्या माणसाने त्या भूमीची भाषा शिकावी, ही अपेक्षा पूर्णपणे रास्त आहे. ती संकुचित आहे असे म्हणणाऱ्या मुंबईतल्या लोकांनी फिजीचा इतिहास वाचावा. पण ती अपेक्षा पुरी करण्याची जबाबदारी आधी शाळांची, कचेऱ्यांची आणि यजमान समाजाची आहे, आणि दुकानाच्या गल्ल्यावर उभ्या असलेल्या एका माणसाच्या गालावर ती वसूल होत नाही. भीतीने माणूस दोन वाक्ये पाठ करतो. तो आपल्यात येत नाही, आपल्यापासून दूर कसे राहायचे ते शिकतो. फिजीत सत्तापालटानंतर इतौकेई शिकण्यासाठी कोणी धावले नाही, लोक परदेशी जाण्याच्या परवान्यासाठी धावले.

शिकवण्याची सोय केली की काय होते, ते मी माझ्याच घरात पाहते. 2013च्या राज्यघटनेने बोलीतली आणि आजच्या वापरातली इतौकेई आणि फिजी हिंदी या दोन्ही भाषा सर्व प्राथमिक शाळांत सक्तीने शिकवाव्यात असे कलम घातले. 'बोलीतली' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, जरी प्रत्यक्ष वर्गात अजून पुस्तकी हिंदीचाच जोर आहे आणि शेजारच्या आजी स्वतःच्या भाषेला 'टूटी-फूटी' म्हणतात. इतौकेईचेही तसेच आहे. शाळेत शिकवतात ती पूर्वेकडच्या बाऊची बोली, आणि आमच्या पश्चिमेकडच्या गावांत 'बुला'ऐवजी 'धोला' म्हणतात. माणदेशी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीच्या तासाला जसे वाटते, तसेच बुबूला लहानपणी वाटत असे. उसतोडीला बीडकडून येणाऱ्या टोळ्यांतल्या मुलांच्या बोलण्याला आम्ही कारखान्याच्या परिसरातली मुले हसत होतो, हे मला इथे येऊन आठवले. उचल घेऊन कोयत्यावर आलेले ते मराठीच लोक होते आणि मराठीच बोलत होते, तरी आम्हाला ते बाहेरचे वाटत होते. त्यांच्यातली एक मुलगी तिसरीत माझ्या बाकावर तीन महिने बसली आणि हंगाम संपल्यावर गेली. मी तिला तिच्या बोलीतला एकही शब्द विचारला नाही, आणि याचे मला आज मनापासून वाईट वाटते.

मुलीच्या प्रवेशाच्या वेळी 'वर्नाक्युलर कोणते घेणार' असे विचारले गेले तेव्हा मी सोपे म्हणून हिंदी लिहिले. दोन वर्षांनी तिनेच हट्ट केला, कारण बुबूची नात दुसऱ्या वर्गात बसत होती. मी भाषा बदलून घेतली. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही बुबूच्या माहेरी गेलो. पाहुण्याने यांगोनाची, म्हणजे ज्यापासून इथले बैठकीतले पेय करतात त्या झुडपाची, मुळे भेट द्यायची असते, ती आम्ही नेली. चटईवर बसलेल्या ज्येष्ठांनी विचारले, कोण आले आहेत? नवऱ्याने इंग्रजीत सुरुवात केली आणि मुलगी त्याच्या आधी इतौकेईत बोलली: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आणि आमचे गाव कुठल्या नदीच्या काठी आहे ते. एक-दोन शब्द चुकले असावेत, कारण बुबूने हळूच दुरुस्त केले. बसलेल्या माणसांनी हाताची ओंजळ करून ते तीन वेळा घुमणारे टाळीचे आवाज केले, आणि त्यानंतरची बैठक आमच्यासाठी निराळीच होती. कोणी आम्हाला विचारले नाही की आम्ही किती दिवस राहणार.

बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी रास्त शंका काढली. "मग पहिलीपासून तिसरी भाषा नको म्हणणारे आम्ही चुकलो का?" मला तसे वाटत नाही. माझ्या मुलीला इतौकेई आली, कारण ती भाषा बोलणारी मैत्रीण कुंपणापलीकडे राहते आणि ती तिची निवड होती. सांगलीच्या पहिलीतल्या मुलाच्या अंगणात हिंदी बोलणारे कोणी नसते, आणि ती त्याने मागितलेलीही नसते. उलट जे मूल बिहारहून वाकड किंवा भिवंडीत आले आहे, त्याच्या कुंपणापलीकडे मराठी आहे. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. त्या तासाला उत्साही शिक्षक, बोलके पुस्तक आणि बरोबर खेळायला मराठी मुले मिळाली, तर ते मूल दोन वर्षांत मराठी बोलेल. आपण आपली मुले वेगळ्या शाळेत, वेगळ्या संकुलात आणि इंग्रजी माध्यमात ठेवणार असू, तर त्याने मराठी कोणाशी बोलावी? बाबांना हे बोलणे बोचले, कारण माझ्या भावाची मुले पुण्यात आंतरराष्ट्रीय शाळेत आहेत आणि आपापसांत इंग्रजी बोलतात.

येत्या जानेवारीत आमचा धाकटा पहिलीत जाईल. परवा प्रवेशाचा कागद आला आणि वर्नाक्युलरच्या रकान्यात मी न थांबता इतौकेई लिहिले. रविवारी बाबांना सांगितले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि मराठी?" मी म्हटले, ती तुमच्याकडे. त्या दिवसापासून रात्रीच्या बोलण्यातला पहिला अर्धा तास नातवाचा असतो. बाबा पडद्यासमोर पाटी धरतात, धाकटा अक्षरे मोठ्याने वाचतो, आणि 'ळ' आला की बुबूची नात, जी हल्ली त्या वेळेला आमच्याच घरी असते, तिला तो उच्चार जमेपर्यंत दोघेही थांबून राहतात.