बर्बातोव्ह आळशी होता म्हणे!

बल्गेरियाचा स्ट्रायकर (गोल करायला सगळ्यात पुढं खेळणारा) दिमितार बर्बातोव्ह याचं नाव निघालं की फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपवर एक ठरलेला मजकूर फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सूर तोच. माणूस दिसायला देखणा खेळायचा, पण पक्का आळशी. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबनं त्याच्यापायी 30 मिलियन पौंड पाण्यात घातले. गोल केले तेही लिंबूटिंबू संघांवर, म्हणूनच चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लब स्पर्धेच्या फायनलला कोच फर्ग्युसननं त्याला राखीव बाकावरही बसवलं नाही. स्वतःच्या देशासाठी काही केलं नाही. आणि शेवटी केरळला येऊन पेन्शन खाऊन गेला. मग खाली अंगठ्यांची रांग लागते.

मी काही युनायटेडचा भक्त नाही, त्यामुळं वकिली करण्यात मला रस नाही. पण यातलं एकेक वाक्य उचलून पाहिलं तर काही साफ खोटं आहे, काही अर्धं खरं आहे आणि काही खरं असूनही भलत्याच्याच खात्यावर मांडलेलं आहे.

आळशीपणापासूनच सुरू करू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. हा शिक्का त्याच्यावर बसला तो मुख्यतः 2008-09 मध्ये, आणि त्याचं एक साधं कारण होतं: कार्लोस टेवेझ. टेवेझ युनायटेडच्या प्रेक्षकांचा लाडका. चेंडू कुठंही असो, हा पठ्ठ्या मान खाली घालून त्यामागं सुटायचा; हाती काही लागो न लागो, स्टेडियम उभं राहायचं. बर्बातोव्ह आला, टेवेझला बाकावर बसावं लागलं, आणि लोकांनी दोघांना एकाच तराजूत घातलं. मोजमाप कसलं? तर घामाचं. आता गंमत बघा. दोनच वर्षांनी, 2010-11 मध्ये, इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान, दोघांत विभागून गेला. टेवेझ 20, बर्बातोव्ह 20. एक तोवर मँचेस्टर सिटीत गेलेला, दुसरा युनायटेडमध्ये. धावणाऱ्याचे वीस आणि 'न धावणाऱ्याचे' वीस. फिरत्या मजकुरात ही ओळ कधीच नसते.

त्याचं काम नेमकं काय होतं हे पाहायचं असेल तर 29 ऑक्टोबर 2008 चा वेस्ट हॅमविरुद्धचा सामना काढा. चेंडू बायलाइनच्या (गोलच्या बाजूच्या शेवटच्या रेषेच्या) बाहेर जाणार असं सगळ्यांनी धरलेलं. वेस्ट हॅमचा बचावपटू जेम्स कॉलिन्स अंगावर आलेला, वाट बंद. बर्बातोव्ह चेंडू रेषेच्या आत अडवतो आणि त्याच स्पर्शात कॉलिन्सच्या बगलेतून पुढं सरकवतो. स्वतः रेषेच्या कडेनं वळसा घालतो आणि मान वर करून रोनाल्डोला आयता पास देतो. रोनाल्डोनं फक्त पाय लावला. या सगळ्यात बर्बातोव्ह धावला किती? चार-पाच पावलं. वीस यार्डांवरून सुसाट येऊन त्यानं कॉलिन्सला धडक दिली असती आणि कॉर्नर मिळवला असता, तर त्याच्या मेहनतीचं कौतुक झालं असतं. गोल मात्र झाला नसता.

फर्स्ट टच, म्हणजे आलेल्या चेंडूला पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, ही त्याची खरी मिळकत होती. पन्नास यार्डांवरून आलेला लांबलचक चेंडू तो बुटाच्या टोकावर असा उतरवायचा की बचावपटूला झडप घालायला जागाच उरायची नाही. चेंडू मेला की खेळ क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणात बाकीचे पळतात. युनायटेडच्या आधीच्या क्लबात, टॉटनहॅममध्ये, रॉबी कीन असाच पळायचा. 2007-08 मध्ये या जोडीनं सगळ्या स्पर्धा मिळून प्रत्येकी 23 गोल केले. एक चेंडू धरणार, दुसरा मोकळ्या जागेत घुसणार, असा व्यवहार होता. चेंडू धरणारा आळशी आणि घुसणारा मेहनती, असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आपल्याकडं हा प्रकार नवा नाही. रोहित शर्मानं कितीतरी वर्षं हेच ऐकलं. चेंडू सोपा वाटावा इतका वेळ ज्याच्याकडं असतो, त्याच्याबद्दल लोकांना वाटतं की गडी मन लावून खेळतच नाहीये.

आता एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. एप्रिल 2009 मध्ये वेम्ब्लीवर एफए कपच्या सेमीफायनलमध्ये एव्हर्टनविरुद्ध पेनल्टी शूटआउट झालं. बर्बातोव्ह दोन पावलं टाकत आला, मारला म्हणायलाही जीभ रेटत नाही इतका हलका चेंडू ढकलला आणि एव्हर्टनचा गोलरक्षक टिम हॉवर्ड यानं तो आरामात अडवला. युनायटेड बाहेर. ज्याला 'आळशी' सिद्ध करायचं आहे त्याला यापेक्षा चांगली चित्रफीत मिळणार नाही, आणि ती बघून युनायटेडवाल्यांना आजही राग येत असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. पण एका पेनल्टीवरून अख्ख्या कारकिर्दीचा पंचनामा करायचा तर कोणताच मोठा खेळाडू सुटणार नाही.

पैसे पाण्यात गेले, हा पुढचा दावा. किंमत खरी आहे: सप्टेंबर 2008 मध्ये, खरेदीच्या शेवटच्या दिवशी, 30.75 मिलियन पौंड. तेव्हा ती क्लबची विक्रमी खरेदी होती. मोबदल्यात मिळालं काय? चार हंगामांत 149 सामने, 56 गोल, लीगची दोन विजेतेपदं आणि एक गोल्डन बूट. त्यातही बऱ्याच सामन्यांत तो बदली म्हणून उतरलेला आहे. पहिल्या दोन हंगामांत लीगमधले गोल 9 आणि 12, हे त्या किमतीच्या मानानं कमी, यात वाद नाही. पण पहिल्या वर्षी पुढं रोनाल्डो आणि रूनी असताना तो गोल करण्यापेक्षा मागं येऊन चेंडू खेळवायचं कामच जास्त करत होता. विक्रमी किमतीचा स्ट्रायकर घ्यायचा, त्याला मधल्या फळीच्या वेशीवर उभं करायचं आणि मग गोल मोजायचे, हा हिशेब काही मला पटत नाही.

लिंबूटिंबू संघांचा मुद्दा जरा नीट बघू, कारण त्यात आकड्यांचा आव असतो. म्हणणाऱ्याचं गणित असं: 2010-11 च्या वीसपैकी 11 गोल तीनच सामन्यांत झाले. लिव्हरपूलविरुद्ध तीन, ब्लॅकबर्नविरुद्ध पाच, बर्मिंगहॅमविरुद्ध तीन. बाकी वर्षभर काय केलं? गणित बरोबर आहे. सप्टेंबरच्या लिव्हरपूलविरुद्धच्या त्या हॅटट्रिकनंतर (एका सामन्यात तीन गोल) ब्लॅकबर्नच्या सामन्यापर्यंत, म्हणजे 27 नोव्हेंबरपर्यंत, लीगमध्ये त्याचा एकही गोल नाही, हेही खरं. पण उरलेले नऊ गोल कुठं पडले ते कुणी बघत नाही. जानेवारीत ब्लॅकपूलमध्ये युनायटेड 0-2 पिछाडीवर होतं. शेवटच्या वीस मिनिटांत सामना 3-2 झाला. त्यातले दोन बर्बातोव्हचे, विजयी गोलही त्याचाच. मार्चमध्ये बोल्टनविरुद्ध जॉनी इव्हान्सला लाल कार्ड मिळालं, युनायटेडचे दहाच जण उरले, गोलफलक कोरा. 88 व्या मिनिटाला गोलरक्षकाच्या हातून सुटलेला चेंडू यानं जाळ्यात लोटला. 1-0. विजेतेपद मिळतं ते अशा दुपारी हातून निसटू न दिलेल्या गुणांवर. ब्लॅकपूल आणि बोल्टन छोटे क्लब आहेत म्हणून त्यांच्याविरुद्ध मिळालेले तीन गुण दोन होत नाहीत.

आणि लिव्हरपूल लिंबूटिंबू कधीपासून झालं? 19 सप्टेंबर 2010, युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. पहिला गोल कॉर्नरवर, लिव्हरपूलच्या टोरेसला चुकवून हेडर. दुसरा मी आजही अधूनमधून लावून बघतो. नानीचा क्रॉस येतो तेव्हा बर्बातोव्हची पाठ गोलकडं. चेंडू मांडीवर घेतो, तो वर उडतो, आणि चेंडू खाली यायची वाट न बघता हा स्वतःच आडवा होऊन हवेतच मारतो. क्रॉसबारच्या खालच्या कडेला लागून चेंडू आत. गोलरक्षक पेपे रेनाला हलायलाही उसंत मिळाली नाही. मग लिव्हरपूलच्या जेरार्डनं दोन गोल करून बरोबरी साधली, तेव्हा अनेकांना वाटलं की हा सुंदर गोल वाया गेला. 84 व्या मिनिटाला जॉन ओशेच्या क्रॉसवर लिव्हरपूलचा बचावपटू कॅरागर याच्या डोक्यावरून उडी घेत यानं तिसरा मारला. लिव्हरपूलविरुद्ध हॅटट्रिक करणारा युनायटेडचा याआधीचा खेळाडू स्टॅन पिअरसन, आणि ती 1946 ची गोष्ट.

ब्लॅकबर्नवरचे पाच गोलही जाता जाता उडवून लावण्यासारखे नाहीत. प्रीमियर लीगच्या एका सामन्यात पाच गोल तोवर फक्त अँडी कोल, शिअरर आणि डेफो यांनाच जमले होते. त्यातला एक गोल बर्बातोव्हनं स्वतःच्या हाफमधून पास देऊन सुरू केला आणि पुढं धावत जाऊन स्वतःच पूर्ण केला. होय, धावत जाऊन.

मग मे 2011 ची बार्सिलोनाविरुद्धची फायनल. लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, आणि सात राखीवांतही नाव नाही. तिथं मायकेल ओवेन. यावरून लोक निष्कर्ष काढतात की फर्ग्युसनलासुद्धा तो नकोसा झाला होता. मला वाटतं निर्णय निर्दयी होता, पण त्यामागचं कारण आळस नव्हतं. त्या वर्षी मेक्सिकोहून हर्नांडेझ आला होता, बचावाच्या पाठीमागं विजेसारखा पळणारा. मोठ्या सामन्यांत युनायटेड मागं बसून झटपट प्रतिहल्ले करू लागलं, आणि अशा खेळात चेंडू थांबवणारा माणूस बसत नाही. युनायटेडकडून चॅम्पियन्स लीगमध्ये त्याचे गोलही मोजकेच, ते त्याच्या विरोधात गेलंच. पुढच्या हंगामात तो लीगचे जेमतेम 12 सामने खेळला आणि त्यात 7 गोल केले. 2012 मध्ये फुलहॅमला गेला, तिथं पहिल्याच वर्षी लीगमध्ये 15. तिथंच एकदा गोल केल्यावर जर्सी वर करून त्यानं आतला शर्ट दाखवला. त्यावर लिहिलेलं, शांत राहा आणि चेंडू माझ्याकडं द्या. रेफरीनं पिवळं कार्ड दिलं. गर्विष्ठ म्हणा हवं तर, तो आरोप मी खोडणार नाही.

इंग्लंडच्या आधीचं तर या मजकुरात काहीच नसतं. जर्मनीच्या लेव्हरकुसेन क्लबमध्ये तो 2001 ते 2006 होता. 2002 मध्ये तो संघ बुंडेसलिगा (जर्मन लीग), जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग या तिन्हींत उपविजेता ठरला; झिदानच्या त्या प्रसिद्ध व्हॉलीच्या फायनलमध्ये एकवीस वर्षांचा बर्बातोव्ह बदली म्हणून मैदानात होता. शेवटच्या दोन हंगामांत बुंडेसलिगात 20 आणि 21 गोल. वर्षानुवर्षं जर्मन बचावपटूंना आळसानं चकवता येत असेल, तर तो आळस शिकवण्याचे क्लास काढायला हवेत.

बल्गेरियाचं थोडक्यात. 78 सामने, 48 गोल. देशाच्या गोलांच्या यादीत त्याच्या वर कुणी नाही. देशातला वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू तो सात वेळा ठरला, बल्गेरियाचा सगळ्यात गाजलेला खेळाडू स्टोइचकोव्ह याच्यापेक्षाही जास्त. 1994 च्या वर्ल्ड कपमध्ये चौथं आलेल्या पिढीशी त्याची तुलना होते, पण स्टोइचकोव्हच्या आजूबाजूला बालाकोव्ह होता, लेचकोव्ह होता, कोस्टाडिनोव्ह होता. बर्बातोव्हच्या वाट्याला एकच मोठी स्पर्धा आली, युरो 2004, आणि त्यात बल्गेरिया तिन्ही सामने हरला. तो 2010 मध्ये, 29 व्या वर्षीच, राष्ट्रीय संघातून बाजूला झाला. हे लवकर झालं, असं मलाही वाटतं. पण तो गेल्यावरही बल्गेरिया कुठल्या मोठ्या स्पर्धेत दिसलेला नाही.

राहिलं केरळ. ऑगस्ट 2017 मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) केरळ ब्लास्टर्सनं त्याला घेतलं, तेव्हा क्लबच्या मालकांत सचिन तेंडुलकरही होता, त्यामुळं आपल्याकडच्या पेपरांतही बातमी झळकली. कोच रेने म्यूलेनस्टीन, फर्ग्युसनचाच जुना सहकारी. बर्बातोव्ह 36 वर्षांचा. डिसेंबरात गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाविरुद्ध दुखापत झाली. तो सामना गोव्याचा स्ट्रायकर कोरो याच्या झपाट्यात ब्लास्टर्सनं 5-2 असा गमावला. जानेवारीत म्यूलेनस्टीन गेला, डेव्हिड जेम्स आला. हंगामाअखेर बर्बातोव्हच्या नावावर नऊ सामने आणि एक गोल, तो फेब्रुवारीत कोलकात्यात तिथल्याच एटीके क्लबविरुद्ध. जाताना इन्स्टाग्रामवर कोचची सालटी काढली: स्ट्रायकरच्या छातीवर चेंडू टाकायचा, पुढचं पुढं, असं कोण खेळतं?

भाषा उद्धट होती आणि नऊ सामन्यांत एक गोल ही कामगिरी वाईटच, त्यात सारवासारव नको. पण प्रश्न रास्त होता. छत्तिशीतला बर्बातोव्ह विकत घेऊन त्याच्याकडून पंचविशीतल्या हर्नांडेझचं काम करून घ्यायचं असेल, तर चूक घेणाऱ्याची. आयएसएलच्या सुरुवातीच्या वर्षांत हा सपाटाच होता: मुंबईत अनेल्का आणि ल्युंगबर्ग, गोव्यात पिरेस, दिल्लीत डेल पिएरो. नाव पोस्टरवर, तिकिटं खिडकीवर, आणि संघ कसा खेळणार याचा विचार नंतर. म्यूलेनस्टीन होता तोवर त्याला मधल्या फळीत खेळवून पास द्यायला लावण्याचा प्रयत्न तरी चालू होता. कोच बदलला, खेळ बदलला, आणि बर्बातोव्हच्या दिशेनं नुसते उंच चेंडू यायला लागले. त्यावर उड्या मारण्यासाठी कुणी त्याला आणलं असेल, तर त्यांनी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता.